मी ‘असन’ म्हटलं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, देवापाशीही नाही — अन् देव तर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तुमी कोण, कुठले, मले ठाऊक नाही. म्हणूनच तुमाले सांगतो. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून हे माझ्यानं सांगवणार नाही.

शिक्षण माझं मराठी चार बुकं, त्यातली दोन गुरं राखता राखता केलेली. अक्षर मोठं येते, ओळी वाकड्या जातात. पण जे लिहितो ते माझ्या हातानं लिहितो. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही.

माझी बायको गिरजा दिवाळीनंतर वारली. घरात आता बोलणारं कोणी नाही. पण खरं सांगू? ती होती तेव्हाही ही एक गोष्ट आमच्या घरात कोणी बोललं नाही. मी बोललो नाही — भ्यालो म्हणून. ती काहून बोलली नाही? ते आता कुठं मले समजून राह्यलं.

आमचं गाव मंगरूळपीर अन् कारंज्याच्या मधात. शिवरातीले आमच्या महादेवाच्या देवळात गाण्याचा उत्सव होते. मोठमोठे गवई येऊन गेले. लोक दुरून दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, जुंपून येतात, झाडाखाली बैल सोडतात अन् तीन दिवस गाणं ऐकतात. या उत्सवात दोन गोष्टी अशा आहेत की दुसरीकडं कुठं दिसत नाहीत. एक म्हणजे पह्यल्या दिवसाचं पह्यलं गाणं बिनतंबोऱ्याचं. गवई कितीही मोठा असो, तंबोरा बाजूला ठेवायचा अन् नुसत्या गळ्यानं गायचं. दुसरी म्हणजे ज्या खोलीत वाद्यं ठेवतात तिच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाय ठेवायचा नाही, अन् वाद्याले हात लावायचा नाही.

या दोन्ही गोष्टी माझ्यापासून झाल्या. देवापासून झाल्या नाहीत.

उत्सव सुरू केला भगवंतराव पाटलांनी. कोर्टाच्या कामाले अमरावतीले गेले, तिथं कोणाच्या बैठकीत गाणं ऐकलं अन् माणूस बदलूनच परत आला. म्हणाले, शिवरातीले आपल्याकडं नुसता फराळ अन् भांग, यापुढं गाणं होईल. पह्यल्या साली मंगरूळचे भजनी आणले, पेटीवाला आणला. दुसऱ्या साली अमरावतीचा एक गवई आला. लोकांनी त्याले लावणी म्हणा म्हणून इतकं पिडलं की तो फराळ न करताच निघून गेला. तिसऱ्या साली पाटलांनी मोंगलाईतून खांसाहेब बोलावले. गावात कुजबुज झाली — महादेवाच्या देवळात मुसलमान? पाटील म्हणाले, “मंगरूळच्या दर्ग्यात नवस बोलाले कोन जाते बे? तुमीच न?” तिथंच ते मिटलं.

ही जर्मनसंगच्या पह्यल्या लढाईच्या आधीची गोष्ट. माझं लग्न नवंच होतं. मायबाप आधीच वारले होते, घरात आमी दोघंच.

गिरजाले गाण्याचं याड होतं. तिच्या माहेरी कोणी गाणारं नव्हतं, हे कुठून आलं कोण जाणे. वाद्यांची खोली सारवायचं काम तिनं पाटलीणबाईपासून मागून घेतलं होतं. शेणानं सारवायची, कडेनं पांढऱ्या मातीचं बोट ओढायची, अन् गाणं सुरू झालं की त्याच खोलीच्या उंबऱ्याले टेकून बसायची. रागाचं नाव तिले एक ठाऊक नव्हतं. सकाळच्या गाण्याले ती ‘दळणाचं’ म्हणायची. उन्हं चढल्यावरच्याले ‘खळ्याचं’. दिवेलागणीच्याले ‘गुरं घरी येतात ते’. मी हसायचो. म्हणायचो, “अन् स्वयंपाकाचं कोनतं व?” ती म्हणायची, “त्या वक्ताले बाईले आयकाले सवड कुठं असते? तुमीच आयका अन् सांगा मले.”

खांसाहेब कारंज्याच्या टेसनावर छोट्या गाडीनं उतरणार होते. पाटलांची दमणी त्यांच्यासाठी अन् त्यांच्या शागीर्दासाठी गेली. सामानासाठी माझी. काहून माझी? कारण गावात माझी जोडी चांगली होती. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवलेली जोडी होती — तिचा मले गर्व होता, अन् गर्व कसला, मस्तीच होती ती.

टेसनावर खांसाहेबांनी तंबोरा आपल्या हातानं माझ्या दमणीत ठेवला. खाली स्वतःची गादी अंथरली. गवसणी नीट केली. लहान लेकराले निजवावं तसं. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “बैलां कू दौडाव नक्को, भाई. बच्चा सोया सो समझो.” मी मान डोलावली.

पाटलांची दमणी पुढं गेली. मी मागून चालीनं येत होतो. अर्ध्या रस्त्यात शेजारच्या गावचा एक गडी आपली रिकामी दमणी घेऊन माझ्या बाजूले आला. पटात दोन वेळा माझ्याकडून हरलेला. त्यानं आधी माझ्या बैलांकडं पाहिलं, मग गवसणीकडं पाहिलं, अन् दात काढले.

“काय बे किसन्या, बैल गाणं शिकून राह्यले काय? ताल धरून चालतात.”

मी कासरा घट्ट धरला.

“नाही, चालू दे, चालू दे. मले वाटलं जोडी म्हातारी झाली. गवयाची झाली म्हण.”

अन् तो पुढं गेला. त्याची धूळ माझ्या तोंडावर आली. एवढंच. दुसरं काही नाही. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही, मी पुष्कळ शोधून पाहिलं.

मी कासरा ढिला सोडला. शेपटीले हात घातला. रस्ता सपाट होता तोवर मजा आली — ती मजा आजही आठवते, ते काहून लपवू? मी त्याले मागं टाकलं. मागं वळून हसलो. अन् हसत होतो तेवढ्यात नाल्याचा उतार आला. उजवं चाक गोट्यावर चढलं, उजवा बैल गुडघ्यावर पडला, दमणी कलंडता कलंडता राह्यली, अन् मागं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

तंबोरा गादीवरून घसरून दांडीवर आदळला होता. तो गडी मागच्या फाट्यावरच आपल्या गावाकडं वळला होता, पाहणारं कोणी नव्हतं. मी गवसणी सोडली नाही. वरूनच हात फिरवला. भोपळा गोल होता तसा गोल लागला. म्हटलं काही झालं नाही. खरंच तसं वाटलं काय? की पाहायची हिंमत नव्हती? मी तंबोरा परत गादीवर ठेवला, चुरगळलेली गादी नीट केली, अन् तिथून गावापर्यंत बैल इतक्या हळू आणले की पाटील म्हणाले, “किती रे जपून आणलं.”

संध्याकाळी गिरजानं उजव्या बैलाचा गुडघा पाहिला. कातडं निघालं होतं, जखमेत तांबडा मुरूम रुतला होता — तसा मुरूम या रस्त्याले त्या एकाच नाल्यात आहे.

“हा कुठं पडला?”

“ठेचकाळला.”

तिनं हळद अन् तेल आणलं, बैलाच्या पायाशी बसली अन् लावत राह्यली. बैलाचं अंग अजून घामानं चिकट होतं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. अन् पुन्हा गुडघ्याले हळद लावू लागली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजानं खोली सारवली. सारवण वाळल्यावर तंबोरा तिनंच आत नेऊन ठेवला. लोक जमले. शागीर्दानं गवसणी काढली अन् तारा चढवू लागला. एक तार चढली. दुसरी चढली. तिसऱ्या तारेची खुंटी पिळली अन् कट् करून आवाज झाला. भोपळा उभा उकलला. तारा सैल पडल्या.

मागचे लोक उठून पाहू लागले.

खांसाहेबांनी भोपळ्याच्या चिरेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, “ये तार से नहीं टूटा. इसकू मार लगा है.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. पण हे कदाचित आता कशाले?

पाटलांनी विचारलं, “काहून रे किसन्या, रस्त्यानं काही झालं?”

“नाही जी. चालीनं आणला.”

ही पह्यली खोटी गोष्ट. पण ही मोठी नव्हती. मोठी पुढं आहे.

पाटलांची माय, गावात तिले सारे बुढीमाय म्हणत, देवळाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “मग खोलीत कोन गेलतं?” सगळ्यांनी गिरजाकडं पाहिलं. गिरजा उंबऱ्यापाशी उभी होती, हाताले अजून पांढरी माती होती.

बुढीमाय म्हणाली, “पोरी, तू बाजूले तं नाही न?”

बाजूले म्हणजे काय ते तुमाले ठाऊक आहे. महिन्याचे ते चार दिवस. विटाळात बाई देवळात आली, वाद्याले शिवली, तर ते फुटणारच — असं तेव्हा म्हणत. आताही म्हणतात. गिरजानं मान हलवली. नाही. पण इतक्या गड्यांच्या मधात तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. बुढीमायनं तिच्या मानेवर विश्वास ठेवला नाही. माझ्याकडं वळली.

“तू नवरा न रे? तूच सांग. हाये काय ती बाजूले?”

मले ठाऊक होतं. घरात आमी दोघंच. ती बाजूले नव्हती. नव्हती. हे मी आज लिहितो, दोनदा लिहितो. पण तेव्हा माझ्या डोळ्यापुढं नाल्यातला गोटा होता, खांसाहेबांचा अंगठा होता, अन् पाटलांचं ते ‘किती रे जपून आणलं’. मी खाली पाहिलं अन् म्हणालो —

“असन.”

असन म्हणजे असेल. आमच्या वऱ्हाडात हा शब्द माणूस उठता बसता बोलते. पाटील घरी हायेत काय? असन. पानी हाये काय विहिरीत? असन. त्यात हो पण नसते अन् नाही पण नसते. कितीतरी वर्षं मी मनाले हेच समजावलं — मी हो म्हटलं नाही. खोटं बोललो नाही. मी फक्त असन म्हटलं.

गिरजानं माझ्याकडं एकदा पाहिलं. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून पाहिलं होतं तसंच. मग ती देवळाच्या पायऱ्या उतरून गेली. कोणाले तिचा हात लागू नये म्हणून लोकांनी वाट सोडली.

खोलीत गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या बाईनं पुन्हा सारवलं. खांसाहेब म्हणत होते, “बाई का क्या कसूर? कद्दू है, फूटता है.” पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. मग ते तंबोऱ्याविनाच बसले. डोळे मिटले अन् सूर लावला. सूर त्यांच्या गळ्यातच होता, त्यांले तारेची गरज नव्हती. पाटील रडले. मी पण रडलो — लोकांले वाटलं गाण्यानं. शेवटी पाटील उभे राह्यले अन् म्हणाले, विटाळानं तंबोरा फुटला पण महादेवानं गाणं राखलं. यापुढं दरसाल पह्यलं गाणं असंच व्हायचं. अन् वाद्यांच्या खोलीत बाई यायची नाही.

गिरजा घरी जाऊन गोठ्यात बसली. बाजूले नसून ती चार दिवस गोठ्यात बसली. मी भाकर दुरून सरकवायचो. गावाले दाखवायचं होतं न. पंधरा दिवसांनी ती खरोखर बाजूले झाली अन् पुन्हा तिथंच जाऊन बसली. त्या महिन्यात ती दोनदा गोठ्यात बसली, हे जगात तिले अन् मले ठाऊक होतं.

तेव्हापासून उत्सवाच्या तीन दिवसांत ती देवळाकडं फिरकली नाही. कोणी नको म्हटलं नसतं, बाकीच्या बाया दूर लिंबाखाली बसून ऐकायच्या. पण ती खळ्यात जायची. शिवरातीच्या दिवसांत ज्वारीची मळणी असते. आमचं खळं देवळापासून दूर, पण वारा त्या अंगाचा असला की गाणं तिथवर ऐकू येते. मी कधी काही आणाले जायचो तर ती सूप घेऊन ज्वारी उफणत असायची. अन् मधातच थांबायची. सूप वर धरलेलं, दाणे सुपातच. गवयाची तान खाली आली की मग दाणे खाली पडायचे. मी मागच्या मागं फिरायचो.

अन् मी? मले मान मिळाला. जपून आणणारा माणूस म्हणून दरसाल तंबोरे आणाचं काम माझ्याकडंच आलं. दरसाल नारळ अन् शेला. तो शेला मी घरी आणायचो, गिरजा घडी करून पेटीत ठेवायची. मी तिले कधी म्हटलं नाही की हा तू घे. कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

पुढं पाटलांच्या पोराच्या राज्यात नागपूरकडून एक गाणारी बाई बोलावली. जमाना बदलला होता, बायांचं गाणं लोक ऐकू लागले होते. पण खोलीचा नियम होताच. तिले म्हणाले, तुमी गा, पण तंबोरा गडीमाणूस आणून देईल, गडीमाणूसच छेडेल. ती म्हणाली, माझा तंबोरा मीच छेडते. कोणी ऐकलं नाही. ती गायलीच नाही. तिले कारंज्याले पोचवाले माझीच दमणी. रस्त्यात तिनं विचारलं, “बाबा, ये रिवाज आया कहां से?”

मी म्हणालो, “पुराना है बाईजी.”

खरं सांगाची वाचा पुन्हा बसली ती अशी.

आता गिरजाची एक गोष्ट सांगतो. तंबोरा फुटला त्याच साली, उन्हाळ्यात, आमी दोघं कारंज्याच्या बाजाराले निघालो. नाल्याचा उतार आला. ती मागून म्हणाली, “इथं हळू हाका.” मी म्हटलं, बाईमाणूस आहे, भ्याली. पुढच्या खेपेले पुन्हा. “इथं हळू हाका.” त्याच जागी. दुसऱ्या नाल्यावर कधी म्हणाली नाही, त्याच्याहून वाईट उतार या रस्त्याले आहेत. जन्मभर, जेव्हा जेव्हा तिथून गेलो तेव्हा, तेवढंच म्हणाली. रागानं नाही. टोमणा मारावा तसंही नाही. दिव्यात तेल हाये काय म्हणून विचारावं, तसं.

तिले कळलं होतं. तंबोरा फुटाच्या आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. म्हणजे देवळात ती उभी होती, बुढीमाय विचारत होती, तेव्हा तिले ठाऊक होतं की तंबोरा कोणी फोडला. एक बोट माझ्याकडं केलं असतं तर सुटली असती. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती — मी काय म्हणतो त्याची वाट पाहत होती. अन् मी असन म्हटलं.

दिवाळीनंतर तिले दम लागाले लागला. कारंज्याच्या डॉक्टरकडं नेलं. दमणीत मागं गादी घालून निजवली. नाला आला तेव्हा मी आधीच बैल आवरले. तिनं डोळे उघडले. मले वाटलं, म्हणेल. म्हणाली नाही, तिच्यात बोलाची ताकद नव्हती. पण डोळे उघडे होते अन् माझ्याकडं होते. तिथं सांगता आलं असतं. ‘गिरजे, तंबोरा इथं आपटला व.’ केवढं वाक्य? उतार संपायच्या आत बोलून झालं असतं. मी बैलांले चुचकारत राह्यलो. उतार संपला. तिनं डोळे मिटले. घरी परत आणली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

आता शेवटचं. हे झालं नसतं तर मी लिहाले बसलो नसतो, हेही कबूल करतो.

मागच्या हप्त्यात शाळेचे मास्तर अन् उत्सवाची दोन पोरं घरी आली. म्हणाले, “आबा, उत्सवाचा इतिहास छापायचा आहे. पह्यल्या सालापासून पाहिलेले आता तुमीच उरले.” मी त्यांले सांगितलं. अमरावतीचं कोर्ट सांगितलं, लावणी सांगितली, खांसाहेब सांगितले. तंबोऱ्याची गोष्ट सांगितली — तीच, जी सारे सांगतात. विटाळ झाला, तंबोरा फुटला, देवानं गाणं राखलं. मास्तरांनी भराभर लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, “आबा, ती बाई कोण होती हो? नाव आठवते काय? गावातलीच होती?”

गिरजाचं लुगडं समोर वलनीवर तसंच होतं. मी अजून काढलं नव्हतं.

मी म्हणालो, “असन कोनी.”

मास्तरांनी मान हलवली. लिहिलं — एक बाई.

तिचं नाव गिरजा. ती बाजूले नव्हती. तंबोरा मी फोडला, कारंज्याच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर, एका रिकाम्या दमणीले मागं टाकण्यासाठी. अन् मग तिचा नवरा असून, साऱ्या गावापुढं, माहीत असून, मी असन म्हटलं. दोनदा म्हटलं. एकदा ती समोर उभी होती. एकदा ती गेली होती.

परवा एकटाच कारंज्याहून येत होतो. दमणी रिकामी. अंधार व्हायच्या आत घरी पोचावं म्हणून बैल चांगले चालत होते. नाल्याचा उतार आला अन् ते आपसूक हळू झाले. मी कासरा ओढला नव्हता. काही बोललोही नव्हतो.